न बांधलेल्या इमारतीची सावली

मंगळवार, ४ सप्टेंबर २००७

नवी नोकरी, नवं घर, नवी वही. दोन वर्षं मक्याच्या शेतांमधल्या युनिव्हर्सिटीत बसून शहरनियोजन शिकलो आणि आज शेवटी एका खऱ्याखुऱ्या शहरात येऊन पडलो. रेड लाइनच्या लोकलमधून उतरलो, डेव्हन ॲव्हेन्यूची बस पकडली आणि थोड्याच वेळात साड्यांची दुकानं, जिलबीचा वास, पार्किंगच्या जागेवरून हातवारे करून भांडणारे दोन काका! मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. शेजारची बाई हसत होती. हसू दे.

घर म्हणजे शोभामावशींच्या फ्लॅटमधली मागची खोली. खाली साड्यांचं दुकान, वर मावशी. वय अडुसष्ट, मूळच्या मिरजेच्या. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा क्युपर्टिनोला, तो दर रविवारी फोन करून ‘इकडे ये’ म्हणतो आणि त्या दर रविवारी ‘बघू’ म्हणतात. पुढच्या खोलीला रस्त्यावर उघडणारी मोठी दक्षिणेची खिडकी आहे. तिथे त्यांचं शिलाई मशीन आणि पोटच्या पोरासारखी जपलेली कढीपत्त्याची कुंडी. खालच्या दुकानातल्या साड्यांचे फॉल आणि ब्लाऊज त्या तिथे बसून शिवतात. दिव्याच्या उजेडात त्यांना आता सुई ओवता येत नाही, पण त्या खिडकीत दिवसभर ऊन असतं. ही खिडकी आहे म्हणून मी ह्या देशात टिकले, असं त्यांनी पहिल्या चहालाच सांगून टाकलं. मी नागपूरचा. उन्हाचं कोणी कौतुक करतं हेच मला नवीन होतं.

ऑफिस लूपमध्ये, म्हणजे शहराच्या ऐन मध्यात, चौदाव्या मजल्यावर. आमच्या फर्मने शहराचं डिजिटल मॉडेल केलं आहे, प्रत्येक रस्ता, प्रत्येक छप्पर. कोणाला नवी इमारत बांधायची असली की ती आधी ह्या मॉडेलमध्ये उभी करायची आणि बघायचं: वाहतूक किती तुंबते, वारा कुठे अडतो, सावली कोणाच्या घरावर पडते. मग आमचा रिपोर्ट बांधकामाला परवानगी देणाऱ्या शहराच्या कमिशनपुढे जातो. बॉस विवेक, मुंबईचा, इथे पंधरा वर्षं. शेजारच्या टेबलावर आश्लेषा, पुण्याची, आणि ते तिने पहिल्या पाच मिनिटांत कळवलं. एकूण मजा येणार.

गुरुवार, १३ सप्टेंबर

मजा येणार म्हणालो होतो ना? मॉडेल दिसायला देखणं आणि वापरायला निव्वळ छळ. फाइल उघडायला अकरा मिनिटं, सेव्ह करायला नऊ. मध्येच सर्व्हरला उचकी लागली की दुपारभर केलेलं सगळं काम गायब आणि कालची फाइल परत हजर. आज मी काढलेले इमारतींचे चाळीस दर्शनी भाग असे वाहून गेले. आश्लेषा म्हणाली की पहिल्या महिन्यात ती बाथरूममध्ये जाऊन रडायची, आता जागेवरच रडते.

माझं पहिलं काम मिळालं. डेव्हनवरचं बंद पडलेलं बैठं फर्निचरचं दुकान पाडून तिथे नऊ मजली इमारत बांधायची आहे. पत्ता वाचला आणि हसूच आलं. आमच्या खिडकीच्या बरोबर समोर. विवेकला सांगितलं तर तो खूश झाला. साइट व्हिजिटचा वेळ वाचला म्हणाला.

मंगळवार, २५ सप्टेंबर

आजचा दिवस वाईट गेला आणि त्यात माझाही हात आहे.

सावलीचा अभ्यास केला. मॉडेलला तारीख आणि वेळ दिली की ते सूर्य बरोबर जागेवर आणतं. ऑक्टोबरपासून पुढे मावशींची खिडकी दुपारी बारा ते साडेतीन पूर्ण सावलीत. डिसेंबरमध्ये तर मागची माझी खोलीसुद्धा. मी छान रंगीत चित्रं काढून विवेककडे गेलो. त्याने ती बघितली आणि शांतपणे सांगितलं की रिपोर्टमध्ये एकवीस जून, भर दुपार, एवढंच चित्र घालायचं. तेव्हा सूर्य डोक्यावर असतो, सावली रस्त्याच्या मध्यापर्यंतही जात नाही. सगळेच असं करतात म्हणे. मी जरा वाद घातला. त्यावर त्याने माझ्या व्हिसाचे कागद वकिलाकडे गेल्याची आठवण करून दिली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “यार शार्दूल, डोन्ट मेक इट पर्सनल.”

मी जूनचं चित्र घातलं. घरी आलो तर मावशींनी थालीपीठ लावलं होतं. ते गिळताना स्वतःचाच इतका राग आला की मी त्यांच्याशी धड बोललो नाही. त्यांना वाटलं तिखट झालं.

बुधवार, ३ ऑक्टोबर

मॉडेलमध्ये माणसं पेरायची होती. रिकाम्या रस्त्याचं चित्र कमिशनला आवडत नाही. आमच्या संग्रहात माणसं कसली, तर सोनेरी केसांच्या धावणाऱ्या बायका, लॅब्रेडॉर आणि छत्रीवाला सूटबूट. डेव्हनवर! मी वैतागलो आणि कॅमेरा घेऊन घरी आलो. मावशींना म्हटलं, खिडकीत मशीनपाशी बसा, फोटो काढतो. त्या आत जाऊन चांगली साडी नेसून आल्या. वरून स्वेटर घालायला मात्र विसरल्या नाहीत. कुंडीही फोटोत आली पाहिजे हा त्यांचा हट्ट.

तो फोटो कापून मी मॉडेलमधल्या आमच्या खिडकीत बसवला. ही माणसं म्हणजे नुसतं सपाट चित्र असतं. बाजूने बघितलं तर पुठ्ठ्याची कड दिसेल, म्हणून त्यांना एक सोय केलेली असते: बघणारा जिकडे जाईल तिकडे ते चित्र तोंड फिरवतं. रस्त्याच्या कुठल्याही टोकावरून बघा, मावशी तुमच्याकडेच बघतात. आश्लेषा म्हणाली, अख्ख्या मॉडेलमध्ये एवढं एकच माणूस जिवंत वाटतं. विवेकने संध्याकाळी नवी इमारत आणि मावशी दोन्ही मुख्य फाइलमध्ये पक्क्या करून टाकल्या.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

सर्दी झाली म्हणून सकाळी अकराला घरी आलो. बाराच्या सुमाराला मावशींनी हाक मारली. डोळ्यांवर काहीतरी आलंय म्हणाल्या.

डोळ्यांवर काही नव्हतं. खिडकीतलं ऊन गेलं होतं. मला वाटलं ढग. बघितलं तर आभाळ घासून पुसून ठेवल्यासारखं निळं. समोरच्या बैठ्या दुकानाच्या छपरावर लख्ख ऊन. त्याच्या मागे काही उंच नाही, पुढे काही उंच नाही. आणि आमची भिंत सावलीत. मी खाली फुटपाथवर गेलो. सावलीची कड फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ, आणि पूर्वेला जरा आत शिरून परत बाहेर आलेली. ती खाच मला ओळखीची वाटली. नव्या इमारतीच्या जिन्यासाठी तशी खाच ठेवली आहे. मीच काढली आहे.

साडेतीनला ऊन परत आलं. मावशींचा एक फॉल तिरका गेला होता, तो त्या उसवत बसल्या होत्या.

सोमवार, २२ ऑक्टोबर

शनिवार-रविवार खडू आणि टेप घेऊन फुटपाथवर होतो. लोक बघत होते. सावलीची कड सव्वा बाराला, एकला, दोनला आखली. आज ऑफिसात मॉडेलशी ताडून पाहिली. चार बोटांचाही फरक नाही.

विवेकला सांगितलं. तो म्हणाला शहर म्हटलं की सावल्या असायच्याच. मी म्हटलं, अरे पण ती इमारत बांधलेलीच नाही! त्याने मला एक दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं. त्याला डेव्हनवर चल म्हणून हात जोडले तर त्याला क्लायंटबरोबर लंच. ह्या माणसाला भिंतीवर डोकं आपटून दाखवलं असतं तर त्याने भिंतीची मापं विचारली असती.

मावशींची कामं मागे पडलीत. दुकानदाराने निम्म्या साड्या दुसरीकडे दिल्या. त्यांनी मशीनवर कापड घालून ठेवलं.

सोमवार, २९ ऑक्टोबर

आता मला शंका उरलेली नाही.

इथे हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतात. ह्या वर्षीपासून ती तारीख एक आठवडा पुढे ढकलली आहे, पुढच्या रविवारी. पण आमचा जुनाट सर्व्हर, त्याला कोणी कळवलंच नाही. त्याने जुन्या सवयीने कालच आपलं घड्याळ तासभर मागे घेतलं. मॉडेल सूर्य फिरवतं ते ह्याच घड्याळावर. म्हणजे आज मॉडेलमध्ये सावली एक तास उशिरा पडणार.

जेवणाच्या सुट्टीत धावत घरी आलो. बारा वाजले, खिडकीत ऊन. मावशी खूश होऊन मशीनवर बसल्या. एक वाजता सावली आली. खरा सूर्य सर्व्हरचं घड्याळ बघून चालत नाही.

बुधवार, ३१ ऑक्टोबर

दुपारीच ऑफिसातून निघून पूर्वेच्या स्टॉपवर उतरलो, मावशी खिडकीतून माझ्याकडे बघत होत्या. हात केला, त्यांनी केला नाही. मुद्दाम वळसा घालून पश्चिमेकडून आलो. माझ्याकडेच बघत होत्या. वर गेलो, त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. पाऊल वाजवलं नाही. त्यांचं तोंड माझ्याकडे.

मान दुखते रे, म्हणाल्या.

आश्लेषाला बोलावून घेतलं. ती पूर्वेच्या कोपऱ्यावर, मी पश्चिमेच्या, दोघं फोनवर. मी विचारलं, कुठे बघतायत? ती म्हणाली, “माझ्याकडे. सरळ माझ्याकडे.” मला त्या सरळ माझ्याकडे बघताना दिसत होत्या, फक्त त्यांच्या आकृतीच्या कडा थरथरत होत्या. आश्लेषा फोन न ठेवताच निघून गेली.

सावली सरली की हे थांबतं. मग मावशी मान चोळत चहा टाकतात.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

त्यांना मॉडेलमधून काढून टाकायचं ठरवलं. आधी कुंडीवर करून पाहिलं, नशीब माझं. फोटोतली कुंडी पुसली आणि घरी आलो. खिडकीत कुंडी नव्हती. मावशींना विचारलं कढीपत्ता कुठे गेला. कसला कढीपत्ता, म्हणाल्या. आमटीला दुकानातून आणायचा राहिला का?

अकरा वर्षं जपलेलं झाड. खिडकीच्या फळीवर मातीचा गोल डागसुद्धा नाही.

म्हणजे मावशींना पुसायचं नाही. इमारत पुसायची.

सोमवार, ५ नोव्हेंबर

तीनदा पुसली. तिन्ही वेळा सर्व्हरने जुनी फाइल परत आणली. चौथ्यांदा विवेक मागे उभा होता. माझा पासवर्ड बंद केला. वर म्हणाला की मॉडेल आजपासून वेबसाइटवर आहे, लोकांना घरबसल्या बघता येईल, शुक्रवारी पाचपर्यंत हरकती नोंदवता येतील. भरपूर हरकती आल्या तर इमारत मॉडेलमधून निघते, हा नियम आहे. असेल ती हरकत तिथे लिही म्हणाला.

लिहिणार. डिसेंबरची सगळी चित्रं जोडून, नावानिशी. व्हिसा गेला खड्ड्यात.

आणि एकट्याने नाही. आज महाराष्ट्र मंडळाच्या यादीवर मेल टाकली. चौदाशे लोक. लिंक दिली. लिहिलं की मॉडेल उघडा, शोभामावशींची खिडकी बघा, हरकत नोंदवा, आणि ओळखीच्यांना फॉरवर्ड करा.

बुधवार, ७ नोव्हेंबर

पानाच्या तळाशी आकडा असतो, किती जणांनी मॉडेल उघडलं. सकाळी ४०. दुपारी ६१०.

मला काय आनंद झाला होता! जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

मावशी खुर्चीत होत्या. मान इकडे — तिकडे — वर — परत इकडे. थांबतच नव्हती. प्रत्येक जण वेगळ्या बाजूने बघतोय. खालून, वरून, हेलिकॉप्टरमधून बघावं तसं. त्या डोळे मिटून म्हणत होत्या, पुरे, पुरे.

मी हे केलं. मीच लिंक दिली.

संध्याकाळीही थांबलं नाही. सावली सरली तरी.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

यादीवर लिहिलं: कृपया उघडू नका, थांबा, मेल डिलीट करा. त्यामुळे लोकांनी आणखीच उघडलं. बॉथेलहून कोणी लिहिलंय, किती गोड मावशी, आमच्याकडेच बघतात! सगळ्यांना फॉरवर्ड केलंय, शुभ दीपावली. हरकती किती आल्या? नऊ. बघून जातात. लिहीत कोणी नाही.

मावशींना उचलून बाहेर न्यायला गेलो. कोपऱ्यापलीकडे ऊन आहे. वजनच नाही त्यांना — ओल्या पुठ्ठ्याएवढ्या. कोपऱ्यापर्यंत नेलं. हात रिकामे. वर बघितलं. खिडकीत.

विवेकचा फोन लागत नाही. आश्लेषा उचलत नाही.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

३,२००.

मावशींच्या मुलाचा फोन आला, स्पीकरवर टाकला. त्याने लिंक बघितली. आई, यू लुक सो नाइस, म्हणाला, कुठल्याही बाजूने बघितलं तरी तू माझ्याकडेच वळतेस. परत परत करून बघतोय. मुलांनाही दाखवतोय.

मी ओरडलो बंद कर. त्याला वाटलं लाइन खराब आहे. शुभ दीपावली म्हणून ठेवला.

मावशी हळूच म्हणाल्या, त्याला बघू दे. तो बघतो तेव्हा कळतं मला. मग रडल्या. तोंड सगळीकडे फिरत होतं, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत.

साडेचार

अर्धा तास. हरकती एकवीस. मी एकट्यानेच बारा लिहिल्यात.

मी त्यांच्या मागे टेबलाशी बसलोय. एकटं सोडणार नाही, सांगितलंय त्यांना. भिंतीकडे तोंड. त्यांच्याकडे बघायचं नाही — तेवढा एक बघणारा कमी.

पावणेपाच

आकडा बघायला पान उघडलं. ४,०००. रस्त्यावरून आमची खिडकी. मावशी. त्यांच्या मागे टेबलाशी कोणीतरी —

मी माझा फोटो कधीच घातला नव्हता.

भिंतीकडे तोंड करून बसलोय मी. पडद्यावरचा मी सरळ माझ्याकडे बघतोय.

लॅपटॉप मिटला. मिटला तरी मान —

मी आता बघत नाहीये. मग कोण —

डावीकडे. परत. कागद दिसत नाही नीट, मावशी म्हणतात हात धर, कुठे आहे हात, मी वळतो तिकडे तर